उताराचा हिशेब आम्हालाही दाखवा

प्रति,
अहिल्यानगर शहराच्या पाणीपुरवठ्याच्या आणि भुयारी गटारांच्या योजना आखणाऱ्या, तपासणाऱ्या व चालवणाऱ्या सर्व अभियंत्यांस,



हे पत्र कोणा एका अधिकाऱ्याच्या नावे नाही. तुमच्यापैकी काही जण सरकारी नोकरीत आहेत, काही सल्लागार कंपन्यांत, काही ठेकेदारांकडे, तर काही जण आमच्या बंगल्यांचे आणि सोसायट्यांचे नकाशे काढून देतात. तुम्हा सगळ्यांना एकत्र लिहितो आहे, कारण एका जागी चुकलेली पातळी पुढे सगळ्यांच्याच कामात उतरते आणि शेवटी आमच्या दारात येऊन थांबते.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. द्रवाचा दाब, पातळी, प्रवाह हा भाग फळ्यावर आला की एखादा मुलगा हटकून विचारायचा, ‘सर, मग आमच्या गल्लीत पाणी का चढत नाही?’ कोणी विचारायचं, ‘आमच्या घरासमोरचं चेंबरच का तुंबतं, शेजारच्या गल्लीतलं का नाही?’ प्रश्न रास्त होते. उत्तर द्यायचं तर मला त्या गल्लीची पातळी हवी होती, टाकीची हवी होती, मधल्या नळाचा व्यास हवा होता. मी त्या विचारल्या आणि हेलपाटे घातले. कधी ‘साइटवर आहेत’, कधी ‘ड्रॉइंग ठेकेदाराकडे आहे’, कधी ‘तुम्हाला कशाला हव्यात’ असं उत्तर मिळालं. मुलं मोठी झाली, त्यांची मुलं शाळेत जायला लागली, आणि तेच प्रश्न अजून तिथेच आहेत. म्हणून हे जाहीरपणे लिहितो.

आधी एक आकडा मांडतो, जो तुम्हाला पाठ आहे पण बहुतेक नगरकरांना त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही. मुळा धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १८१२ फूट असते. पावसाळ्यात हा आकडा वर्तमानपत्रात येतो आणि आम्ही तो धरण किती भरलं म्हणून वाचतो. आता दुसरा आकडा पाहा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २१३० फुटांवर आहे. म्हणजे धरण पूर्ण भरलेलं असतानाही त्यातलं पाणी आपल्यापेक्षा तीनशे फुटांहून खाली असतं. उन्हाळ्यात पातळी उतरते, तशी ही चढण वाढत जाते. धरणाजवळच्या मुळानगरला उपसलेलं पाणी विळदला येतं, तिथून पुन्हा ढकललं जातं आणि शहरातल्या वसंत टेकडीवर पोचतं. नगर-मनमाड रस्त्याने राहुरीकडून येताना विळद घाटात गाडीला जो चढ लागतो, तोच पाण्यालाही लागतो, फक्त ते नळातून येतं.

हा घाट म्हणजे नुसता चढ नाही. तो दोन खोऱ्यांमधला बांध आहे. मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला. आपली सीना मात्र दक्षिणेला भीमेकडे जाते आणि भीमा कृष्णेला मिळते. निसर्गाने गोदावरीच्या पदरात टाकलेलं पाणी आपण विजेच्या बळावर डोंगर चढवून आणतो, वापरतो आणि घाण करून कृष्णेच्या खोऱ्यात सोडतो. नगरच्या प्रत्येक तांब्याभर पाण्याचा प्रवास असा आहे. हे प्रत्येक शाळेत शिकवलं गेलं पाहिजे, इतकी मोठी गोष्ट आहे ही.

या चढाची किंमतही सांगायला हवी. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंप, मोटार आणि नळातलं घर्षण यांत जे जातं ते धरलं, तर ०.४ युनिटाच्या आसपास. म्हणजे एक कोटी लिटरमागे चार हजार युनिट. वसंत टेकडीच्या पलीकडे एखादा नळ फुटून जे पाणी रस्त्यावर वाहतं, त्याच्याबरोबर ही वीजही वाहून जाते. धरणाजवळची गळती आणि टेकडीवरून उतरल्यानंतरची गळती यांत हा फरक आहे, आणि दुरुस्तीचा क्रम ठरवताना तो धरला पाहिजे.

पंप वाईट असं मला म्हणायचं नाही. १८१२ आणि २१३० या दोन आकड्यांमध्ये पंपाशिवाय मार्ग नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. पाणी एकदा टेकडीवर पोचलं की विजेचं काम संपतं आणि उताराचं सुरू होतं. टेकडीपासून घरातल्या तोटीपर्यंत उतार. मोरीपासून चेंबरपर्यंत उतार. चेंबरपासून मलशुद्धीकरण केंद्रापर्यंत शक्य तितका उतारच. विजेचा हिशेब निदान बिलात तरी दिसतो. उताराचा हिशेब आम्हाला कोणीच दाखवत नाही.

या शहरात एक काळ असा होता की पाण्याचा सगळा हिशेब उताराचाच होता. १४९० साली निजामशाही उभारणाऱ्या मलिक अहमदने भिंगारजवळची लढाई जिंकली आणि पुढे १४९४ मध्ये इथे शहर वसवायला घेतलं. सीना हाकेच्या अंतरावर होती. पण नदी शहराच्या खालच्या अंगाला. तिचं पाणी वर आणायचं तर मोटा, पखाली, बैल आणि माणसं कायमची जुंपावी लागली असती. निजामशाहीच्या जाणकारांनी नदीकडे पाठ केली आणि डोंगराकडे पाहिलं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, नेप्ती, शहापूर अशा गावांच्या शिवारातून, जिथलं पाणी शहरापेक्षा उंचावर होतं तिथून, त्यांनी ते नळांनी आणलं. भाजक्या मातीचे खापरी नळ एकात एक बसवून चुन्यात पक्के केले आणि जमिनीखालून शहरातल्या हौदांपर्यंत नेले. यांतली बरीच कामं मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याच्या नावावर आहेत, ज्याची कबर शहा डोंगरावर आहे आणि जिला आपण सगळे चांदबिबीचा महाल म्हणतो. हश्त बेहश्त बाग आणि फराहबाग या दोन्ही ठिकाणी पाण्याने भरलेल्या तलावाच्या मधोमध महाल उभे होते. तलावांच्या कोरड्या खुणांमध्ये उभं राहून आजूबाजूला पाहिलं की कळतं, इतकं पाणी इथवर आणणारा माणूस जमीन किती बारकाईने वाचत असेल.

त्याच्यापुढची अडचण नीट समजून घ्या. खापरी नळाला फार दाब सोसत नाही. उतार जास्त झाला तर खालच्या टोकाला नळ फुटतो. उतार कमी पडला तर गाळ बसतो. मध्ये उंचवटा आला तर तिथे हवा अडकते आणि पाणी थबकतं. म्हणून अशा नळांवर ठरावीक अंतराने उसासे, म्हणजे उभे पोकळ मनोरे, बांधत. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्याकडे जे पाणी आणलं, त्या नळावरचे उसासे जुन्या पुणेकरांच्या माहितीतले आहेत. त्यांतून अडकलेली हवा निघून जाते, वाजवीपेक्षा जास्त चढलेला दाब मोकळा होतो आणि आत काय चाललं आहे हे वरून पाहता येतं. डोंगरापासून शहरापर्यंत असा बेताचा उतार सांभाळायचा, तोही हाताच्या साधनांनी, म्हणजे पावलापावलाला मोजमाप आलं. याच निजामशाहीचा पुढचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. ही विद्या या मुलखातली होती.

आता माझी पहिली तक्रार. त्या नळांचे मार्ग आज तुमच्या कामाच्या नकाशांवर नसतात. पायाच्या खोदाईत, रस्त्याच्या कामात, केबल टाकताना जेसीबीच्या दातांना खापर लागतं, चुना लागतो. कामगार बाजूला काढून ठेवतो, मुकादम बघतो आणि पुढे खोदा म्हणतो. कोणी जागा टिपून ठेवत नाही, कोणी पातळी घेत नाही. अशा प्रत्येक तुकड्याची जागा आणि त्याच्या तळाची पातळी लिहून ठेवली असती, तर आज त्या जुन्या उतारांचा नकाशा आपोआप तयार झाला असता. तो निव्वळ इतिहासप्रेमींच्या कामाचा नव्हे. पाचशे वर्षांपूर्वी ज्या मार्गाने पाणी आपल्या वजनाने शहरात येत होतं, तो मार्ग जमिनीचा उतार कुठून कुठे आहे हे आजही सांगतो.  माझी विनंती साधी आहे. निविदेत एक ओळ घाला: खोदाईत जुना नळ, हौद किंवा बांधीव पाट लागला तर काम एक दिवस थांबवून त्याचं छायाचित्र, जागा आणि पातळी नोंदवावी. पैसे फारसे लागणार नाहीत. नोंद मात्र कायमची राहील.

दुसरी तक्रार नळांची आहे आणि ती घरोघरची आहे.

लोकांना वाटतं, टाकी उंच असली की पाणी येणारच. तुम्हाला माहीत आहे की तसं नसतं. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि तोटी यांत दहा मीटरचं अंतर असेल तर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो, पण तो पाणी स्थिर असताना. पाणी वाहू लागलं की वाटेत घर्षण दाब खातं, आणि नळ जितका बारीक तितकं जास्त खातं. सहा इंची नळाऐवजी तीन इंची टाकला तर सामान्य माणसाला वाटतं, पाणी अर्धं येईल. त्याच उतारावर ते प्रत्यक्षात जेमतेम सहावा हिस्सा येतं. एखादी वसाहत वाढते, चार घरांची चाळीस होतात, आणि त्याच बारक्या लाइनवरून नवे नळजोड दिले जातात. मग शेवटच्या घरी पाणी येत नाही. शेवटचं घर मोटार लावतं. त्याचं बघून मधलं घर मोटार लावतं. ज्याची मोटार मोठी त्याला पाणी, आणि जिला मोटार परवडत नाही ती बाई पहाटे हंडा घेऊन दुसऱ्या गल्लीत जाते.

या मोटारींबद्दल आम्हाला अधूनमधून इशारे दिले जातात, मोटारी जप्त करण्याची ताकीद येते. थेट नळाला मोटार लावणं चूक आहे, यात शंका नाही. पण तुम्ही हेही जाहीर करा की कोणत्या गल्लीत मोटार न लावता किती दाब मिळायला हवा आणि किती मिळतो. एकमजली घराला सात मीटर, दुमजलीला बारा, तिमजलीला सतरा मीटर शिल्लक दाब असावा, असं तुमच्याच व्यवसायाच्या केंद्रीय पुस्तिकेने वर्षानुवर्षं सांगितलं होतं. दाब मोजायचं मापक स्वस्त आहे. प्रत्येक प्रभागातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत लांब अशा दोन घरांवर ते लावा आणि दर महिन्याचे आकडे प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवा. मग मोटार लावणारा कोण आणि ती लावायला लावणारी लाइन कोणती, हे दोन्ही उजेडात येईल.

ठरावीक वेळी पाणी सोडायचं आणि मग बंद करायचं, या रीतीतला धोका तर लोकांपर्यंत पोचवलाच जात नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की नळातलं उरलेलं पाणी उताराने खालच्या घरांकडे निघून जातं आणि वरच्या भागात पोकळी होते. ही पोकळी बाहेरचं आत ओढते. सांधा गळका असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर गटाराचं पाणी नळात येतं. मोटारीने ओढलं तर आणखी जोरात येतं. पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं जे गढूळ, वासाचं पाणी येतं, त्याचं कारण दर वेळी धरणातला गाळ नसतो. पुष्कळदा ते आपल्याच गल्लीतलं असतं. पाण्याची लाइन आणि गटाराची लाइन यांत आडवं तीन मीटर अंतर असावं, एकमेकींना छेदतात तिथे पाण्याची लाइन वर आणि गटाराची खाली असावी, हे तुम्ही शिकून आलेले आहात. आमच्या अरुंद बोळांत तीन मीटर मिळणं अवघड आहे, कबूल. पण वर-खालचा नियम तर बोळातही पाळता येतो. चर बुजवण्याआधी कोण पाहतं की वर काय आणि खाली काय? त्या पाहणीची सही कोणाची असते? ती सही आम्हाला बघायची आहे. आणि शेवटच्या तोटीला क्लोरीन किती उरतं, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरतं का, तो आकडाही त्याच भिंतीवर लागू द्या.

आता गटारं. या पत्रातली सगळ्यांत मोठी काळजी ही आहे, कारण भुयारी गटारांचं काम एकदा गाडलं गेलं की पुढची पन्नास वर्षं ते कोणी बघत नाही.

पाण्याच्या नळात चूक झाली तर दाबाने ती थोडीफार झाकली जाते. गटारात दाब नसतो. गटाराचा नळ भरून वाहायचा नसतो, वर हवेला जागा ठेवून वाहायचा असतो, आणि त्यातलं सगळं काम एकट्या उताराने करायचं असतं. पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने गेलं तर मैला, वाळू, राख बरोबर घेऊन जातं. त्याहून हळू गेलं तर पाणी पुढे जातं आणि घाण मागे राहते. घरगुती नळ्यांसाठी जुन्या मिस्त्रींकडे एक ठोकताळा असे: नळीच्या इंचांना दहाने गुणायचं, तितक्या फुटांत एक फूट उतार द्यायचा. चार इंचीला चाळिसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. मोठ्या लाइनींना याहून कमी उतार चालतो, तुमची कोष्टकं आहेत. पण कोणत्याही कोष्टकात उलटा उतार चालतो असं लिहिलेलं नाही. तीस मीटरच्या तुकड्यात मधल्या दोन नळ्या बोटभर खाली बसल्या, तरी तिथे डबकं तयार होतं. डबक्यात मैला कुजतो, कुजल्यावर हायड्रोजन सल्फाइड वायू होतो, तो सिमेंटचा नळ वरून खातो आणि आत उतरणाऱ्या माणसाचा जीव घेतो.

आपलं शहर दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेलं आहे. पुष्कळ ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम संपतो आणि खडक लागतो. खडक फोडायला वेळ जातो, पैसा जातो, शेजारच्या घरांच्या भिंतींना तडे जायची भीती असते. अशा वेळी लाइन ‘थोडी वर’ घ्यायचा मोह होतो. हा मोह माणसाला होणारच; म्हणूनच तपासणीची व्यवस्था असते. एका ठिकाणी अर्धा फूट वर घेतलेली लाइन मागच्या सगळ्या गल्ल्यांचा उतार खाऊन टाकते. पुढे लोक म्हणतात, ‘ड्रेनेज कायम तुंबतं, लोक काहीही टाकतात.’ लोक टाकतात हे खरं आहे. प्लास्टिक, कापड, राख टाकणाऱ्यांना मी मुळीच पाठीशी घालत नाही. पण चांगल्या उताराच्या लाइनीत जे वाहून गेलं असतं, तेही सपाट लाइनीत अडकतं, आणि त्याचं खापर दर वेळी रहिवाशांच्या माथी फुटतं.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक चेंबरची तळपातळी आणि झाकणाची पातळी सेंटिमीटरपर्यंत मोजून जाहीर करा. आराखड्यातली वेगळी आणि प्रत्यक्ष बसवलेली वेगळी, दोन्ही शेजारीशेजारी द्या. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारी नकाशावर समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने असतात. डोंगर ओळखायला त्या पुरतात, गटाराला पुरत नाहीत. गटाराचं आयुष्य सेंटिमीटरवर ठरतं. तेवढं मोजमाप तुमच्याकडे झालेलंच असणार, कारण त्याशिवाय बिल निघत नाही. मग ते कपाटात का?

सामान्य माणसाला पातळ्या कळणार नाहीत, असं तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल तर याच जिल्ह्यातली गावं पाहा. हिवरे बाजार आपल्याच तालुक्यात आहे. तिथे डोंगरावर समतल चर खोदले गेले आणि दर वर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, पाऊस किती पडला, पिकं कोणती घ्यायची, हे त्यावर ठरतं. पाणलोटाच्या कामांत गावोगावच्या बायाबापड्यांनी ए-फ्रेम हातात धरून समपातळीच्या रेषा आखल्या आहेत. सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाणी कुठून कुठे जाईल हे सांगावं लागत नाही. तोच शेतकरी शहरात येऊन सावेडीत किंवा केडगावात घर बांधतो तेव्हा त्याला अडाणी का समजलं जातं?

पावसाच्या पाण्याचंही इथेच सांगतो. गच्चीचं आणि अंगणाचं पाणी मैल्याच्या लाइनीला जोडलं की पहिल्या मोठ्या पावसात ती लाइन दाबाखाली येते आणि सगळ्यांत सखल घराच्या संडासातून उलटी बाहेर पडते. असे जोड देणारे प्लंबर आहेत, ते मागणारे घरमालक आहेत आणि ते पाहूनही पूर्णत्वाचा दाखला देणारी नजरही आहे. ओढे बुजवून त्यांवर प्लॉट पाडले गेले तिथे पावसाच्या पाण्याला जायला दुसरी जागाच राहिलेली नाही. नकाशावर ओढा पुसता येतो, उतार पुसता येत नाही. बंगल्यांचे नकाशे काढणाऱ्या अभियंत्यांना हात जोडून विनंती आहे: गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी पावसाचं पाणी मैल्याच्या चेंबरला जोडू नका. शोषखड्डा घ्या, बोअरपाशी मुरवा, रस्त्याच्या गटाराला द्या.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढतो. दर वेळी रस्ता चार बोटं वर, घराचं जोतं तिथल्या तिथे. काही वर्षांनी उंबरा रस्त्याच्या खाली जातो, चेंबरची झाकणं डांबराखाली गाडली जातात आणि लाइन तुंबली की आधी झाकण शोधायला रस्ता फोडावा लागतो. रस्ता करणारा आणि गटार करणारा यांनी एकमेकांच्या पातळ्या बघितल्या तर हे होणार नाही.

आणि माणसं. सुरक्षासाधनांशिवाय चेंबरमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तीस लाखांनी बाप परत येत नाही. ज्या लाइनीला नीट उतार आहे आणि जिच्या चेंबरमधली अंतरं यंत्राला पोचतील अशी ठेवली आहेत, तिच्यात माणूस उतरवण्याची वेळच येत नाही. हा जीव आराखड्याच्या टेबलावरच वाचवता येतो. तुमच्यापैकी जो कोणी आज एखाद्या गल्लीची लाइन आखत असेल, त्याने कागदावर पेन्सिल टेकवताना त्या माणसाचा विचार करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी सीना. शहराचा सगळ्यांत खालचा भाग म्हणजे तिचं पात्र, म्हणून आपण न पाठवताही सगळं तिच्याकडेच जातं. माणसागणिक १३५ लिटर पाणी दिलं तर त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, असा तुमचा नेहमीचा हिशेब. म्हणजे तीनशे फूट चढवून आणलेल्या पाण्याचा बहुतेक भाग पुन्हा उताराला लागतो. खाली कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्ड्याला याच नदीवर धरण आहे, त्याच्याही पुढे शेतं आणि गावं आहेत. ती माणसं आपल्या नंतरचे नळधारक आहेत, असं समजून काम करा. मलशुद्धीकरण केंद्रात किती सांडपाणी रोज आलं आणि किती शुद्ध होऊन बाहेर पडलं, हे दोन आकडे रोज जाहीर करा. पहिल्या आकड्यावरून आम्हाला गटारांचं जाळं खरंच काम करतं का ते कळेल, कारण घराघरातून निघालेलं पाणी केंद्रापर्यंत पोचत नसेल तर ते वाटेत कुठेतरी ओढ्याला जातं आहे. चौंडीत जन्मलेल्या ज्या अहिल्यादेवींनी देशभर विहिरी, बारवा आणि नदीचे घाट बांधले, त्यांचं नाव या शहराने २०२४ मध्ये घेतलं आहे. त्या नावाच्या शहरातली नदी काठावर बसण्याजोगी असली पाहिजे.

एवढ्या मागण्या एका वर्षात होणार नाहीत, हे मला समजतं. एक मात्र पुढच्याच कामापासून करता येईल. नव्या गटारलाइनीला पहिलं घर जोडण्याआधी आणि चर पूर्ण बुजवण्याआधी त्या गल्लीतल्या लोकांना बोलवा. लागोपाठच्या दोन चेंबरांची झाकणं उघडा. वरच्या चेंबरात दिवा धरा, खालच्यात आरसा. नळ सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल दिसतो, मध्ये कुठे बसला असेल तर गोल कापला जातो. हे सातवीतल्या मुलालाही कळेल, त्यालाही बघू द्या. मग टँकरने वरच्या चेंबरात पाणी सोडा आणि घड्याळ लावा. तीस मीटरच्या तुकड्यात ते पन्नास सेकंदांच्या आसपास खाली आलं पाहिजे. आलं, तर आम्ही तुमच्या वहीत साक्षीदार म्हणून सह्या करू. नाही आलं, तर ती गल्ली पुन्हा उकरा. त्या धुळीची आणि गैरसोयीची तक्रार आमच्यापैकी कोणी करणार नाही.



आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
नगर